बोअरच्या पाण्यातला फ्लुओराइड: इलेक्ट्रोड एक सांगतो, स्पॅडन्स दुसरंच. धरायचं कुठलं?

रांजण

नमस्कार मंडळी. पांढरकवडा भागातल्या एका बोअरचं पाणी (नमुना अ) आणि तेच पाणी बादलीत नलगोंडा पद्धतीने, म्हणजे चुना, ब्लीचिंग पावडर आणि तुरटी घालून, निवळल्यावर वरून काढलेलं (नमुना ब), असे दोन नमुने आहेत. दोन्हींचा फ्लुओराइड दोन पद्धतींनी काढला: फ्लुओराइड इलेक्ट्रोड (मिलिव्होल्टवरून) आणि स्पॅडन्स (लाल रंग किती फिका पडतो त्यावरून). आकडे जुळत नाहीत.

नमुना अ: इलेक्ट्रोड ३.५६ मिग्रॅ/लि, स्पॅडन्स २.६.
नमुना ब: इलेक्ट्रोड १.१८, स्पॅडन्स ०.६२. ब चं स्पॅडन्सचं क्युव्हेट (फोटोमीटरची छोटी नळी) तसंच ठेवून दोन तासांनी पुन्हा वाचलं तर ०.९५ आलं.

इलेक्ट्रोडचं कॅलिब्रेशन असं आहे (स्टँडर्ड, म्हणजे माहीत तीव्रतेचं द्रावण, आणि टिसॅब, म्हणजे मोजण्याआधी मिसळायचं बफर द्रावण, १:१, खोलीचं तापमान ३० अंश):
०.५ मिग्रॅ/लि → ११७.६ मिलिव्होल्ट
१ → १०१.२
२ → ८४.६
५ → ६२.८

अ ला ७१.० मिलिव्होल्ट आले. प्रत्येक वाचन स्टरर चालू ठेवून अर्ध्या मिनिटाने घेतलं आहे. बीकर काचेचे. स्पॅडन्स ५७० नॅनोमीटरला, ५० मिली नमुना अधिक १० मिली रिएजंट, नमुना डायल्यूट न करता.

पिण्याच्या पाण्याच्या मानकात स्वीकारार्ह मर्यादा १.०, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. म्हणजे ब पास की नापास, ते कुठली पद्धत धरतो त्यावर ठरतंय. अहवालात काय लिहू?

निळा_लिटमस

आधी अ चं बघू, ते सोपं आहे. स्पॅडन्सची रेंज १.४ मिग्रॅ/लि पर्यंतच आहे. यात फ्लुओराइड झिर्कोनियमला रंगापासून ओढून घेतो आणि रंग फिका पडतो. रिएजंटमधलं झिर्कोनियम ठरलेलं असतं, त्यामुळे १.४ च्या पुढे रेघ वाकायला लागते आणि ३.५ च्या पाण्याला २.६ वगैरे आकडा येतो. फोटोमीटर बिचारा तक्रार करत नाही, आकडा देऊन मोकळा होतो. १० मिली नमुना ५० मिलीला न्या, वाचा, पाचने गुणा. ०.७ च्या आसपास यायला हवं.

हे करताना रिएजंटचे १० मिली पिपेटनेच घ्या, मेजरिंग सिलिंडरने नको. या पद्धतीत फ्लुओराइड शून्य असताना रंग सगळ्यात गडद असतो आणि तुम्ही मोजता तो त्यातला छोटासा फरक. रिएजंट ०.१ मिली कमीजास्त झाला की रंगच १ टक्क्याने हलतो, आणि निकालात ती चूक त्याच्या कितीतरी पट दिसते. नमुना, ब्लँक (फ्लुओराइड नसलेलं पाणी) आणि स्टँडर्ड यांच्या तापमानात २ अंशांपेक्षा जास्त फरक नको. फ्रिजमधून काढलेली बाटली तासभर बाहेर ठेवा.

आता ब. त्यात तुरटी घातली आहे. ॲल्युमिनियम आणि फ्लुओराइड यांची मिठी फार घट्ट. स्पॅडन्समध्ये ०.१ मिग्रॅ/लि ॲल्युमिनियम असलं तरी १ मिग्रॅ/लि फ्लुओराइडमागे ०.१ कमी दिसतो. पण हे लगेच वाचलं तर. स्पॅडन्सच्या आम्लात ती मिठी सावकाश सुटते, म्हणून दोन तास थांबल्यास ३ मिग्रॅ/लि पर्यंत ॲल्युमिनियम चालतं. तुमचं ०.६२ चं ०.९५ झालं ते यामुळेच. वाट बघून वाचायचं असेल तर स्टँडर्डही तेवढाच वेळ ठेवून वाचायचे, हे मात्र विसरू नका.

उलट दिशेची चूकही ब मध्ये आहे. ब्लीचिंगमधला उरलेला क्लोरीन रंग सरळ खातो, त्यामुळे फ्लुओराइड जास्त दिसतो. सोडियम आर्सेनाइटचं ५ ग्रॅम/लि द्रावण दर ०.१ मिग्रॅ क्लोरीनला एक थेंब घालून तो आधी मारावा लागतो. आर्सेनाइट विषारी आहे, सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा. एक चूक खाली ओढतेय, दुसरी वर. अशा आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही. ब साठी स्पॅडन्स सोडून द्या.

ब्युरेटवाली

लिटमसदादांशी सहमत. पण मला इलेक्ट्रोडचं १.१८ सुद्धा पटत नाहीये. रांजण, तुमच्या टिसॅबमध्ये काय काय आहे ते लिहाल? विकतचं असेल तर बाटलीवरचे घटक, घरचं असेल तर वजनं.

रांजण

घरचं आहे ताई. ५७ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, ५८ ग्रॅम मीठ (एआर ग्रेड), ०.३ ग्रॅम सोडियम सायट्रेट, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ५.२, एक लिटर. प्रॅक्टिकलच्या जुन्या वहीतली कृती आहे.

ब्युरेटवाली

तिथेच पाणी मुरतंय.

ती कृती चुकीची नाही, जुनी आहे. लँथॅनम फ्लुओराइडच्या स्फटिकाचा हा इलेक्ट्रोड फ्रँट आणि रॉस यांनी १९६६ साली मांडला, आणि सायट्रेटवालं टिसॅब त्यानंतर लगेचचं. टिसॅबची कामं तीन. सगळ्या बीकरांत आयनिक स्ट्रेंग्थ सारखी ठेवणं, पीएच ५ ते ५.५ ला धरून ठेवणं, आणि ॲल्युमिनियम-लोहाला पकडून फ्लुओराइड मोकळा करणं. तुमचं टिसॅब पहिली दोन चोख करतं. तिसऱ्यासाठी एका लिटरमागे ०.३ ग्रॅम सायट्रेट म्हणजे जेमतेम १ मिलिमोल, तेही नमुन्यात मिसळल्यावर निम्मं. साध्या विहिरीच्या पाण्याला ते पुरतं, तुरटी घातलेल्या पाण्याला नाही. इलेक्ट्रोडला फक्त मोकळा फ्लुओराइड आयन दिसतो. ॲल्युमिनियमला चिकटलेला त्याच्या दृष्टीने पाण्यात नसतोच.

सायट्रेटऐवजी सीडीटीए (धातूंना जास्त घट्ट पकडणारं रसायन) वापरा. एका लिटरसाठी:

अंदाजे ५०० मिली डिस्टिल्ड पाणी, त्यात ५७ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, ५८ ग्रॅम सोडियम क्लोराइड, ४ ग्रॅम सीडीटीए. बीकर गार पाण्याच्या घमेल्यात ठेवा. ६ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड (लिटरला २४० ग्रॅम) ढवळत हळूहळू घाला. साधारण १२५ मिली लागतं. पीएच ५.३ ते ५.५ झाला की थांबा, गार होऊ द्या, पीएच पुन्हा बघा, मग एक लिटर करा.

सुरुवातीला सीडीटीए विरघळणारच नाही. तळाशी पांढरी भुकटी बसलेली बघून लोक घाबरतात आणि गाळून टाकतात. गाळू नका. आम्लात ते विरघळत नाही, हायड्रॉक्साइड जाईल तसं दहा-पंधरा मिनिटांत पाणी निवळतं. आणि पीएच द्रावण गरम असताना लावू नका, गार झाल्यावर तो सरकलेला असतो.

पीएचची खिडकी एवढी अरुंद का? ५ च्या खाली गेलात की फ्लुओराइडचा काही भाग हायड्रोजन फ्लुओराइड होतो (त्याचा पीकेए ३.२ च्या आसपास) आणि तो इलेक्ट्रोडला दिसत नाही. ८ च्या वर हायड्रॉक्साइड आयनच स्फटिकाला फ्लुओराइडसारखा भासतो, कारण दोघांचा आकार आणि भार जवळपास सारखा. बोअरचं पाणी क्षारीय असतं, म्हणून टिसॅब मिसळल्यावर एकदा बीकरमध्ये पीएच पट्टी बुडवून बघा. नव्या टिसॅबची पहिली बाटली असेल तेव्हा तर नक्कीच.

हे टिसॅब साधारण ३ मिग्रॅ/लि ॲल्युमिनियमपर्यंत निभावतं, तेही थोडा वेळ दिला तर. त्याहून जास्त असेल तर टार्ट्रेट आणि ट्रिसचं, पीएच ८.५ च्या आसपासचं वेगळं टिसॅब असतं. नाहीतर नमुना डायल्यूट करा.

गाळणी

एक प्रश्न कुणीच विचारला नाही. ब गाळला होता की नाही?

बादलीतलं निवळलेलं पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण त्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे बारीक कण तरंगत असतात आणि नलगोंडा पद्धतीत फ्लुओराइड त्या कणांवरच बसलेला असतो. पद्धतीची मेख तीच आहे. हे कण पीएच ५.३ च्या टिसॅबमध्ये, सीडीटीए असताना, विरघळतात आणि फ्लुओराइड परत सोडतात. म्हणजे न गाळलेल्या नमुन्याला मिलिव्होल्ट हळूहळू उतरत राहणार आणि अर्ध्या मिनिटात वाचलंत तर अर्धवट आकडा मिळणार.

दोन्ही करा:
ब-१: ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून गाळून (पहिले २० मिली टाकून द्या), मग टिसॅब.
ब-२: न गाळता, बाटली नीट हलवून, मग टिसॅब, झाकण लावून एक तास ठेवायचं, मग वाचायचं.

दोन्हीतला फरक म्हणजे गाळावरचा फ्लुओराइड. माणूस पाणी मेम्ब्रेनने गाळून पीत नाही, आणि पोटातलं आम्ल टिसॅबपेक्षा कितीतरी तिखट. त्यामुळे माझ्या मते पिण्याच्या पाण्याच्या अहवालात ब-२ चाच आकडा जायला हवा. ब-१ बादलीवाल्याला सांगायला उपयोगी: फडक्याची घडी वाढव, निवळायला जास्त वेळ दे.

निळा_लिटमस

गाळणी यांचा मुद्दा बरोबर, माझ्याकडून सुटला होता. स्पॅडन्समधली दोन तासांची वाढही मग निम्मी-शिम्मी गाळ विरघळल्याची असू शकते.

खडूचूर्ण

इलेक्ट्रोडच्या आकड्यांबद्दल थोडं. रांजण यांचा स्लोप (तीव्रता दहापट झाली की किती मिलिव्होल्ट फरक पडतो): ०.५ पासून ५ पर्यंत बरोबर दहापट, ११७.६ वजा ६२.८, म्हणजे ५४.८ मिलिव्होल्ट. २५ अंशांना सिद्धांताप्रमाणे ५९.२ हवेत, ३० अंशांना ६०.१. म्हणजे इलेक्ट्रोड ९१ टक्क्यांवर चालतोय. बऱ्याच पुस्तिकांत ५४ ते ६० चालेल असं छापलेलं असतं म्हणून कुणी लक्ष देत नाही, पण ३० अंशांना ५४.८ हे आजारपण आहे.

मधले बिंदू बघा: ०.५ ते १ मध्ये ५४.५, १ ते २ मध्ये ५५.१, २ ते ५ मध्ये ५४.८. सगळीकडे सारखाच कमी. एखादं स्टँडर्ड चुकलं असतं तर एकच टप्पा वाकडा दिसला असता. डिस्टिल्ड पाण्यात किंवा टिसॅबमध्ये फ्लुओराइड असता तर खालचा टप्पा जास्त बसका झाला असता. सरसकट कमी म्हणजे बहुतेक स्फटिकावर थर बसलाय. मऊ ब्रशवर मटारएवढी फ्लुओराइडची टूथपेस्ट घ्या, स्फटिक अर्धा मिनिट हलक्या हाताने घासा, भरपूर धुवा, मग १ मिग्रॅ/लि स्टँडर्डमध्ये (टिसॅबशिवाय) पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा. टिश्यूने स्फटिक खरखरून पुसायची सवय असेल तर सोडा, नुसतं टिपा.

जोडीच्या रेफरन्स इलेक्ट्रोडचीही बाजू बघा. जंक्शनभोवती मिठाची पांढरी कड दिसतेय का, आतल्या द्रावणाची पातळी बीकरमधल्या पाण्याच्या वर आहे का, भरायचं छिद्र उघडं आहे का. छिद्र बंद राहिलं की वाचन एका जागी बसतच नाही.

बाकी तपशील एकामागोमाग लिहितो:

अर्ध्या मिनिटात वाचन पुरत नाही. ३ मिनिटं द्या, ०.२ च्या खालच्या स्टँडर्डला आणखी. स्टँडर्ड कमी तीव्रतेकडून जास्तीकडे घ्या.

स्टररची मोटर बीकर खालून तापवते. मधे थर्मोकोलचा तुकडा ठेवा. नमुना आणि स्टँडर्ड यांच्यात १ अंशाचा फरक पडला तरी २ टक्क्यांपर्यंत चूक होते. मिलिव्होल्टमध्ये वाचत असाल तर मीटरला लावलेला तापमानाचा प्रोब यात काही मदत करत नाही.

अ मध्ये बायकार्बोनेट जास्त असणार. आम्लधर्मी टिसॅब पडल्यावर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि इलेक्ट्रोडच्या चपट्या तळाला चिकटतात. आकडा ७१ वर असतो, एकदम ७८ वर उडी मारतो, परत येतो. मीटर बिघडला म्हणून लोक वायर हलवत बसतात. टिसॅब मिसळून पाच मिनिटं ढवळा, मगच इलेक्ट्रोड उतरवा, तोही जरा तिरका धरून.

बीकर प्लास्टिकचे बरे. काचेने दहा मिनिटांत काही आभाळ कोसळत नाही, पण स्टँडर्ड काचेत साठवलेले असतील तर ते फेका. स्टॉकसाठी सोडियम फ्लुओराइड ११० अंशांना वाळवून ०.२२१० ग्रॅम, १ लिटर, पॉलिथिनच्या बाटलीत: १०० मिग्रॅ/लि. तोंडाने पिपेट ओढायची नाही, हे इथे वेगळं सांगायची गरज नसावी.

आता गंमत ऐका. स्लोप वाईट असूनही तुमचं अ चं ३.५६ फारसं चुकलेलं नसणार, कारण ते २ आणि ५ च्या स्टँडर्डच्या मधे पडतं. दोन्ही बाजूंनी स्टँडर्ड असले की स्लोप कितीही आळशी असो, मधला आकडा बरा निघतो. स्लोपचा फटका बसतो तो रेघ बाहेर ताणताना आणि स्टँडर्ड ॲडिशन (नमुन्यात ठरावीक फ्लुओराइड घालून पुन्हा वाचणं) करताना. ब ला ॲडिशन करून खात्री करणार असाल तर आधी इलेक्ट्रोड धुवा.

रांजण

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांत जमेल ते केलं.

इलेक्ट्रोड टूथपेस्टने घासला. नवीन टिसॅब केलं (भुकटी खरंच शेवटी विरघळली). नवीन कॅलिब्रेशन: ०.५ → ११९.४, १ → १०१.६, २ → ८३.८, ५ → ६०.४. स्लोप ५९.०.

अ: इलेक्ट्रोड ३.५, स्पॅडन्स पाचपट डायल्यूट करून ०.७०, म्हणजे ३.५.
ब-१ (गाळून): १.३६. पाच मिनिटांनी आणि एक तासाने तेवढंच.
ब-२ (न गाळता): पाच मिनिटांनी १.४४, एक तासाने १.६०, नंतर स्थिर.

ब-२ ला स्टँडर्ड ॲडिशनही केली. ५० मिली नमुना अधिक ५० मिली टिसॅब, तासाभराने ८९.६ मिलिव्होल्ट. त्यात १०० मिग्रॅ/लि चं १ मिली, तर ६९.१. फरक २०.५. याचं गणित बरोबर मांडलंय का ते कुणी बघाल?

अ चे बाकीचे आयनही झालेत, मिग्रॅ/लि मध्ये: कॅल्शियम २८, मॅग्नेशियम २२, सोडियम १९६, पोटॅशियम ३, अल्कलिनिटी ४२० (कॅल्शियम कार्बोनेट म्हणून), क्लोराइड ७४, सल्फेट ३८, नायट्रेट ७.

खडूचूर्ण

ॲडिशनचं गणित: १ मिली × १०० म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, ते १०१ मिलीत, म्हणजे ०.९९० मिग्रॅ/लि ची भर. फरक भागिले स्लोप: २०.५ ÷ ५९.० = ०.३४७. दहाचा तेवढा घात २.२२६. त्यातून ०.९९० वजा (मूळ द्रावण १०० चं १०१ झालं त्याचा हिशोब), उरले १.२३६. आता ०.९९० ÷ १.२३६ = ०.८०. हे टिसॅब मिसळलेल्या द्रावणातलं, म्हणून दुप्पट: १.६०. थेट वाचनाशी तंतोतंत जुळतंय.

आता हेच जुन्या ५४.८ स्लोपने करून बघा. २०.५ ÷ ५४.८ = ०.३७४, घात २.३६६, वजा ०.९९० म्हणजे १.३७६, भागाकार ०.७२, दुप्पट १.४४. तेच पाणी, तेच दोन आकडे मीटरवर, आणि वहीत जुना स्लोप राहिला म्हणून १.६० चं १.४४, म्हणजे नापासाचं पास. ॲडिशनच्या दिवशीचाच स्लोप घ्या असं यासाठीच म्हणतात.

आणखी एक. एकभारी आयनाला १ मिलिव्होल्ट म्हणजे ४ टक्के. १.५ पाशी ते ०.०६ होतात. मीटर ±१ मिलिव्होल्ट डुलत असेल तर १.४७ आणि १.५३ यात भेद करू नका. तुमचं १.६० मर्यादेपासून दीड मिलिव्होल्टच्या आसपास लांब आहे, म्हणून तीन वेगळे बीकर भरून सरासरी द्या.

ब्युरेटवाली

नायट्रेट ७ म्हणजे नायट्रेट की नायट्रोजन? पिण्याच्या पाण्याच्या मानकातले ४५ हे नायट्रेट म्हणून आहेत.

रांजण

नायट्रोजन म्हणून आहे, लिहायचं राहिलं. म्हणजे ४.४३ ने गुणून ३१.

ब्युरेटवाली

मग अ च्या आयनांचा ताळेबंद मांडू, धन आणि ऋण भार सारखे यायला हवेत. मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर.

धन बाजू: कॅल्शियम १.४०, मॅग्नेशियम १.८१, सोडियम ८.५२, पोटॅशियम ०.०८. बेरीज ११.८१.
ऋण बाजू: अल्कलिनिटी ८.४०, क्लोराइड २.०९, सल्फेट ०.७९, नायट्रेट ०.५०, फ्लुओराइड ०.१८. बेरीज ११.९६.

फरक दोन्हींच्या बेरजेच्या ०.६ टक्के. छान आहे. पण या ताळेबंदावर फार भिस्त ठेवू नका. नायट्रेट चुकून ७ च धरलं असतं तर ते ०.११ झालं असतं आणि फरक १ टक्का, दुसऱ्या बाजूला. तेही पासच. फ्लुओराइड २.६ धरला असता तर फक्त ०.०५ ने हलला असता. बाराच्या ताळेबंदात फ्लुओराइड म्हणजे किराण्याच्या बिलातली काडेपेटी. अल्कलिनिटी किंवा सोडियम चुकलं तर हा ताळेबंद बोंब मारतो, फ्लुओराइडबद्दल तो मुका आहे.

फ्लुओराइडसाठी त्यापेक्षा बरी चाळणी म्हणजे कॅल्शियमशी तुलना. कॅल्शियम फ्लुओराइडचा विद्राव्यता गुणाकार २५ अंशांना सुमारे ३.५ गुणिले दहाचा उणे ११ वा घात. ३.५ मिग्रॅ/लि फ्लुओराइड असलेल्या पाण्यात, आयनांची ॲक्टिव्हिटी सोडून दिली तर कॅल्शियम ४० मिग्रॅ/लि च्या आसपास, आणि तुमच्या पाण्याच्या क्षारतेसाठी ती धरली तर ८० च्या आसपास मावतं. तुमचं २८ आहे, म्हणजे शक्य आहे. कॅल्शियम १५० आणि फ्लुओराइड ५ असा अहवाल समोर आला तर सही करण्याआधी दोन्ही पुन्हा मोजायचे. जास्त फ्लुओराइडची पाणी बहुधा अशीच असतात: कॅल्शियम कमी, सोडियम आणि बायकार्बोनेट भरपूर. चवीला मऊ लागतं, साबणाला फेस छान येतो, आणि गावात तेच पाणी चांगलं समजलं जातं.

आयनशोध

आमच्याकडे आयन क्रोमॅटोग्राफ (आयन कॉलममधून वेगवेगळे करून मोजणारं यंत्र) आहे, त्यावर नेलं तर हा घोळच राहणार नाही असं वाटत होतं. चुकतंय का?

गाळणी

नायट्रेट-सल्फेटला उत्तम, फ्लुओराइडला डोळे उघडे ठेवून. फ्लुओराइड कॉलममधून सगळ्यात आधी बाहेर येतो, पाण्यामुळे आलेखात पडणाऱ्या खड्ड्याला लागूनच. ०.५ च्या खाली शिखराचा पाया कुठून धरायचा हेच ठरत नाही. नमुन्यात आणि स्टँडर्डमध्ये इल्युएंटचं (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाचं) तीव्र द्रावण सारख्याच प्रमाणात घातलं तर खड्डा बराच भरून निघतो. ॲसिटेट आणि फॉर्मेट त्याच जागी येतात, त्यामुळे सांडपाणी मिसळलेल्या विहिरीत फ्लुओराइड फुगलेला दिसतो. आणि हो, टिसॅब घातलेला नमुना चुकूनही त्यात टोचू नका, अख्खा क्रोमॅटोग्राम ॲसिटेट-क्लोराइडने भरून जाईल. ॲल्युमिनियमला चिकटलेल्या फ्लुओराइडचा प्रश्न तिथेही सुटत नाही, उलट तिथे सीडीटीएची मदत नसते. अ ला चालेल, ब ला इलेक्ट्रोडच.

निळा_लिटमस

कुणी डिस्टिलेशन सुचवेल म्हणून आधीच लिहितो. गंधकाम्लातून १८० अंशांपर्यंत ऊर्ध्वपातन केलं की ॲल्युमिनियम, सल्फेट सगळं मागे राहतं आणि स्पॅडन्सही चालतं. पण तापमान १८० च्या वर गेलं की सल्फेट उडून पुढे येतं आणि सगळी मेहनत वाया. दोन नमुन्यांसाठी तेवढा खटाटोप नको, इलेक्ट्रोड असताना तर नाहीच.

नमुन्याच्या बाटलीचंही बघून घ्या रांजण. धातूंसाठी नायट्रिक ॲसिड घातलेल्या बाटलीतून फ्लुओराइड काढू नका. फ्लुओराइडला काहीच घालायचं नसतं, पॉलिथिनच्या बाटलीत २८ दिवस टिकतो. ब साठी मात्र २८ दिवस थांबू नका, गाळ बाटलीत खाली बसतो, वाढतो, आणि ब-१ व ब-२ दोन्ही सरकतात. त्याच दिवशी गाळा.

रांजण

समजलं. ब दुसऱ्या दिवशी गाळला होता, तो परत आणवतो. तीन बीकरांची सरासरीही त्याच वेळी करीन. अहवालात असं लिहू का: 'फ्लुओराइड, न गाळता, आयन सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड, सीडीटीए टिसॅब, १ तास', आणि खाली गाळलेल्याचा आकडा वेगळ्या ओळीत?

गाळणी

हो. सोबत ॲल्युमिनियमही मोजून टाका. तुरटीच्या पाण्यात तो आकडा नसेल तर अहवाल अर्धा आहे. त्याची स्वीकारार्ह मर्यादा ०.०३ आणि पर्याय नसताना ०.२. गाळ वाहून येत असेल तर फ्लुओराइडच्या आधी तिथेच नापास होईल.

रांजण

सायट्रेटचं जुनं टिसॅब दोन लिटर उरलंय. फेकू?

ब्युरेटवाली

कशाला? तुरटी न लागलेल्या बोअरच्या पाण्याला ते चालतं, तुमचं अ त्यावर ३.५६ आलंच की. बाटलीवर 'तुरटीच्या पाण्याला नको' असं मोठ्या अक्षरात लिहा. आणि एका कॅलिब्रेशनमध्ये दोन टिसॅब मिसळू नका.